ब्राउझरचे राखणदार: दोन ठेवा, बाकीचे काढा

क्रोममध्ये एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, टाकताना एक छोटी खिडकी उघडते. हे एक्स्टेन्शन सर्व वेबसाइट्सवरचा तुमचा सगळा डेटा वाचू आणि बदलू शकेल, असं तीत लिहिलेलं असतं. जाहिराती अडवणारं असो, पासवर्ड भरणारं असो की पानाचा रंग काळा करणारं, वाक्य तेच, आणि ते शब्दशः खरं आहे. नेटबँकिंगचं पान, जीमेल, पॅथॉलॉजी लॅबचा रिपोर्ट, टॅबमध्ये जे उघडेल ते त्याला दिसतं. त्यामुळे 'प्रायव्हसीसाठी बेस्ट दहा' छापाची यादी बघून दहाच्या दहा टाकणं म्हणजे सोसायटीला दहा वॉचमन नेमायचे आणि दहाही जणांना घराघराच्या किल्ल्या द्यायच्या.

दुसरी गोष्ट त्या खिडकीत लिहिलेली नसते. परवानगी तुम्ही आजच्या मालकाला देता, पण एक्स्टेन्शन विकलं गेलं की ती आपोआप नव्या मालकाकडे जाते. अपडेट गुपचूप येतं, आणि सगळ्या साइट्सची परवानगी आधीच असल्यामुळे पुन्हा काही विचारलं जात नाही. 'द ग्रेट सस्पेंडर' हे टॅब झोपवणारं लोकप्रिय एक्स्टेन्शन २०२० मध्ये विकलं गेलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलने ते मालवेअर म्हणून बंद केलं. 'नॅनो ॲडब्लॉकर' आणि 'नॅनो डिफेंडर' ही जोडगोळीही २०२० मध्येच विकली गेली आणि नव्या मालकांनी त्यात वापरणाऱ्यांचा डेटा बाहेर पाठवणारा कोड घातला. 'वेब ऑफ ट्रस्ट' तर साइट विश्वासू आहे की नाही हे सांगणारं एक्स्टेन्शन होतं. ते लोकांचा ब्राउझिंगचा इतिहास गोळा करून पुढे देत होतं, हे २०१६ मध्ये जर्मनीच्या एनडीआर वाहिनीने उघडकीला आणलं. कुंपणानेच शेत खाल्लं, दुसरं काय.

मालक बदलला नाही तरीही धोका राहतोच. डिसेंबर २०२४ मध्ये सायबरहेवन या डेटा-सुरक्षेच्याच कंपनीतल्या एका कर्मचाऱ्याला 'तुमचं एक्स्टेन्शन क्रोम स्टोअरचे नियम मोडतंय' अशी बनावट मेल आली. मेलमधल्या लिंकवर त्याने एका ॲपला परवानगी दिली आणि नाताळच्या दिवशी विषारी आवृत्ती ग्राहकांच्या ब्राउझरमध्ये पोहोचली. पासवर्ड चोरावा लागलाच नाही, परवानगीच मिळाली होती, म्हणून दुहेरी पडताळणीही कामाला आली नाही.

म्हणून निवडताना तारे आणि डाउनलोडचे आकडे बाजूला ठेवा. तीन प्रश्न विचारा: मालक कोण, त्याचं पोट कशावर चालतं, आणि हेच काम ब्राउझर आता स्वतः करतो का? या चाळणीतून बहुतेकांच्या ब्राउझरसाठी दोनच एक्स्टेन्शन्स उरतात. एक जाहिराती आणि ट्रॅकर (तुमचा माग ठेवणारा कोड) अडवणारं, दुसरं पासवर्डचं.

यूब्लॉक ओरिजिन, आणि क्रोमवाल्यांच्या वाट्याला आलेलं लाइट

नाव पूर्ण वाचा. नुसतं 'यूब्लॉक' वेगळं, 'यूब्लॉक ओरिजिन' वेगळं. आपल्याला हवं ते दुसरं, रेमंड हिल यांचं. कोड खुला आहे, 'पैसे भरा म्हणजे तुमची जाहिरात सोडतो' अशी सोय नाही, आणि लेखक देणगीसुद्धा घेत नाहीत. ॲडब्लॉक प्लसमध्ये २०११ पासून 'स्वीकारार्ह जाहिराती' सोडल्या जातात आणि मोठ्या कंपन्या त्यासाठी पैसे मोजतात. तो खटका सेटिंगमध्ये बंद करता येतो, पण मुळात चालू असतो.

यूब्लॉक ओरिजिनची पूर्ण ताकद फायरफॉक्सवरच मिळते. क्रोमने एक्स्टेन्शन्सची जुनी चौकट, मॅनिफेस्ट व्ही२, २०२४ पासून टप्प्याटप्प्याने बंद करत आणली आणि २०२५ मध्ये १३९व्या आवृत्तीपासून ती पूर्ण काढली. जुन्या चौकटीत पानाने बाहेर पाठवलेली प्रत्येक विनंती एक्स्टेन्शनच्या हातातून जायची आणि ते जागच्या जागी निर्णय घ्यायचं. नव्या चौकटीत नियमांची यादी आधी ब्राउझरकडे जमा करावी लागते आणि अंमलबजावणी ब्राउझर करतो. यादीलाही मर्यादा आहे. एका एक्स्टेन्शनला ३०,००० नियमांची हमी, त्यापुढची जागा सगळ्या एक्स्टेन्शन्सनी मिळून वाटून घ्यायची.

क्रोमसाठी हिल यांनीच 'यूब्लॉक ओरिजिन लाइट' काढलं. नेहमीच्या बातम्यांच्या साइट्स आणि व्हिडिओसाठी ते पुरतं, मेमरीही कमी खातं. ऑप्टिमल मोडवर ठेवा. जाहिरात गेली तरी तिचा रिकामा चौकोन उरत असेल तर तेवढ्या साइटसाठी कम्प्लीट करा. उणीव अशी, की याद्या एक्स्टेन्शनच्या नव्या आवृत्तीबरोबरच ताज्या होतात. एखाद्या साइटने आज सकाळी जाहिरातींची युक्ती बदलली, तर फायरफॉक्सवाल्याला उत्तर लवकर मिळतं, क्रोमवाल्याला नवी आवृत्ती येईपर्यंत थांबावं लागतं. स्वतःच्याच उपडोमेनच्या नावाआड दुसऱ्याचा ट्रॅकर लपवण्याची जी चलाखी असते, ती फक्त फायरफॉक्सवरचं यूब्लॉक ओरिजिन पकडतं. शिवाय फायरफॉक्स उघडल्यावर ते आपल्या याद्या तयार होईपर्यंत पानं रोखून धरतं, त्यामुळे पहिल्या सेकंदाला काही निसटत नाही.

फायरफॉक्समध्ये टाकल्यावर डॅशबोर्डमधल्या 'फिल्टर लिस्ट्स'मध्ये दोन बदल करा. प्रादेशिक याद्यांत 'इंडियनलिस्ट' आहे, मराठीसह भारतीय भाषांतल्या साइट्ससाठी. तिच्यावर खूण नसेल तर करा. 'अनॉयन्सेस' गटातली कुकी नोटिसांची यादी घ्या, म्हणजे 'आम्ही कुकीज वापरतो' हे तुणतुणं थांबेल आणि त्यासाठी वेगळं एक्स्टेन्शन लागणार नाही. मग 'अप्लाय चेंजेस'. तिथल्या सगळ्याच याद्यांवर खुणा करायचा मोह होईल. तो केलात तर तिसऱ्या दिवशी कुठल्या तरी साइटचं लॉगिनचं बटण नाहीसं होईल आणि कुठल्या यादीने खाल्लं ते शोधत बसावं लागेल.

साइट बिघडली तर एक्स्टेन्शनच्या चिन्हावर टिचकी मारा, मोठं पॉवरचं बटण दाबा, पान पुन्हा लोड करा. त्या एका साइटपुरतंच ते बंद होतं. पैसे भरण्याच्या पानावर हे आधीच करावं. प्रगत मोडमध्ये बाहेरची स्क्रिप्ट आणि फ्रेम सरसकट अडवल्या असतील, तर पेमेंट गेटवेची चौकट उघडत नाही किंवा ओटीपी टाकल्यावर गोल फिरत राहतं, आणि पैसे कापले की नाही ते कळत नाही. प्रगत मोड ज्यांना रोज दहा मिनिटं दुरुस्तीला द्यायची हौस आहे त्यांच्यासाठी.

दोन ॲड ब्लॉकर एकत्र चालवू नका. 'तुमचा ॲड ब्लॉकर बंद करा' म्हणणाऱ्या साइटला यूब्लॉक ओरिजिन बनावट स्क्रिप्ट देऊन शांत करतं. दुसरा ब्लॉकर ती बनावट स्क्रिप्टही अडवतो, आणि भिंत पुन्हा उभी.

फोनवर क्रोममध्ये एक्स्टेन्शन्स चालत नाहीत. अँड्रॉइडवर फायरफॉक्स घ्या, त्यात यूब्लॉक ओरिजिन पूर्ण रूपात चालतं. घरातल्या ज्येष्ठांच्या फोनवर एवढं एक काम करून दिलं, तरी 'तुमच्या फोनमध्ये १७ व्हायरस आहेत' हे लाल पान बरंच कमी दिसेल.

पासवर्ड: बिटवॉर्डन

पासवर्ड मॅनेजरने लक्षात ठेवायचा त्रास वाचतो, हे सगळे सांगतात. त्याचं मोठं काम दुसरंच आहे. तो पत्त्याचं डोमेन तपासून मगच भरतो. बँकेच्या पानाची हुबेहूब नक्कल माणसाच्या डोळ्याला फसवते, पण डोमेनमध्ये एक अक्षर वेगळं असलं तरी मॅनेजर गप्प बसतो. तो भरत नाही म्हणून चिडून पासवर्ड कॉपी-पेस्ट करणं, इथेच लोक घात करून घेतात.

हा मुद्दा सध्या आपल्याकडे फार ताजा आहे. रिझर्व्ह बँकेने सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत 'डॉट बँक डॉट इन' या डोमेनवर जायला सांगितलं. तुमच्या तिजोरीत, म्हणजे मॅनेजरमधल्या पासवर्डच्या साठ्यात, जुना पत्ता असेल तर नव्या पानावर मॅनेजर भरणार नाही, आणि ते बरोबरच आहे. अशा वेळी मेसेजमधल्या लिंकवरून नवा पत्ता जोडू नका. बँकेचं पान स्वतः टाइप करून उघडा, पत्ता 'डॉट बँक डॉट इन'ने संपतोय याची खात्री करा, मग त्या नोंदीत नवा पत्ता भरून जुना पुसा. नवी नोंद करण्यापेक्षा जुनीच दुरुस्त करावी, नाहीतर दोन नोंदींतली खरी कोणती हे सहा महिन्यांनी आठवत नाही.

बिटवॉर्डन पहिल्या पसंतीचं, कारण कोड खुला आहे, मोफत खात्यातही नोंदी आणि उपकरणांवर मर्यादा नाही, आणि पैसे वर्गणीतून येतात. वनपासवर्डची मांडणी अधिक सफाईदार आहे आणि मुख्य पासवर्डला १२८ बिटांच्या गुप्त किल्लीची जोड आहे, पण कायमचं मोफत खातं नाही. प्रोटॉन पास नवं, २०२३ चं. मोफतमध्ये ईमेलची दहा टोपणनावं (खऱ्या पत्त्याऐवजी द्यायचे पत्ते) मिळतात, आणि दुकानात 'ईमेल सांगा' म्हणणाऱ्यांसाठी ती झकास. लास्टपास मात्र आता घेऊ नये. २०२२ मध्ये त्यांच्याकडून ग्राहकांच्या तिजोऱ्यांच्या प्रतीच चोरीला गेल्या. पासवर्ड कूटबद्ध होते, पण साइट्सचे पत्ते उघडे होते, म्हणजे कोणाचं खातं कुठे आहे हे चोराला आयतं कळलं. जुन्या खात्यांत किल्ली घोटण्याच्या फेऱ्याही फार कमी ठेवलेल्या होत्या.

फेऱ्यांचं प्रकरण थोडक्यात असं. मुख्य पासवर्डवरून किल्ली बनवताना तीच क्रिया हजारो वेळा करतात, म्हणजे अंदाज बांधणाऱ्याचा प्रत्येक प्रयत्न महाग पडतो. बिटवॉर्डनमध्ये आता ६,००,००० फेऱ्या मुळातच असतात. खातं २०२३ च्या आधीचं असेल तर वेब तिजोरीत सुरक्षेच्या सेटिंगमधल्या 'कीज' विभागात जाऊन आकडा पाहा आणि कमी असेल तर वाढवा. तिथेच 'आर्गॉन२आयडी' या किल्ली बनवण्याच्या दुसऱ्या पद्धतीचा पर्याय आहे. तो अधिक चांगला, पण मेमरीचा आकडा हौसेने वाढवू नका, आयफोनवर ऑटोफिल अडखळतं. बदलाआधी तिजोरीची प्रत काढून ठेवा.

मुख्य पासवर्ड देवनागरीत ठेवण्याची कल्पना मराठी माणसाला हमखास सुचते. ती टाळा. 'दुसऱ्या' या शब्दातलं 'ऱ्या' एका कीबोर्डवर 'ऱ' या स्वतंत्र अक्षरातून तयार होतं, दुसऱ्यावर साध्या 'र'ला हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही सारखंच, आत संकेत वेगळे. घरच्या लॅपटॉपवर चाललेला पासवर्ड फोनवर चुकीचा ठरतो आणि डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. रोमन लिपीतले पाच-सहा असंबद्ध मराठी शब्द उत्तम, पण तिथेही सापळा आहे: 'जांभूळ' रोमनमध्ये चार प्रकारे लिहिता येतं. स्पेलिंग एकदा ठरवा आणि हात बसेपर्यंत कागदावर लिहून कपाटात ठेवा. शब्द मनाने निवडू नका, शब्दकोश कुठेही उघडून बोट ठेवा. म्हण किंवा अभंगाची ओळ कितीही लांब असली तरी नको, कारण ती आधीच कुठेतरी छापलेली असते.

क्रोममधून बिटवॉर्डनमध्ये येताना क्रम असा ठेवा. गूगल पासवर्ड मॅनेजरच्या सेटिंगमधून पासवर्डची सीएसव्ही फाइल उतरवा, बिटवॉर्डनमध्ये आयात करा, पाच-सहा नोंदी उघडून तपासा, मग फाइल पुसा आणि रिसायकल बिनही रिकामा करा. त्या फाइलमध्ये सगळे पासवर्ड उघडे असतात. डाउनलोड्सचा फोल्डर क्लाउडला जोडलेला असेल तर तिकडची प्रतही काढा. शेवटी क्रोमचं 'पासवर्ड सेव्ह करू का' बंद करा, नाहीतर दोघं एकाच रकान्यावर भांडतात.

त्यानंतर बिटवॉर्डनच्या एक्स्टेन्शनमध्ये या गोष्टी बघा. तिजोरी १५ मिनिटांत बंद व्हावी, 'कधीच नाही' हा पर्याय नको. पिन ठेवलात तर ब्राउझर पुन्हा उघडल्यावर मुख्य पासवर्ड मागण्याची खूण काढू नका, नाहीतर लॅपटॉप चोरणाऱ्याला फक्त चार आकडी पिन फोडायचा उरतो. पान उघडताच आपोआप भरण्याची सोय मुळात बंद असते, ती बंदच राहू द्या.

रकान्याखाली आपोआप उघडणारी सूचनांची यादीही बंद केलेली बरी. ऑगस्ट २०२५ मध्ये डेफ कॉन या हॅकर परिषदेत मारेक टॉथ या संशोधकाने ११ पासवर्ड मॅनेजरांवर एक हल्ला दाखवला. पान ही यादी अदृश्य करतं आणि तिच्या बरोबर खाली कुकी नोटिशीचं बटण ठेवतं. तुम्ही नोटीस बंद करायला टिचकी मारता आणि यादीतली नोंद निवडली जाते. बिटवॉर्डनने दुरुस्ती केली आहे, पण यादीशिवायही काम अडत नाही. पान उघडा, कंट्रोल-शिफ्ट-एल दाबा, भरून होतं. दोन दिवसांत सवय लागते.

पत्ता जुळवण्याची मूळ पद्धत 'बेस डोमेन' आहे. सरकारी साइट्सवर ती घोळ घालते. महाभूमीच्या एकाच डोमेनखाली डिजिटल सातबारा आहे आणि भूमी अभिलेखाच्या इतर सेवाही आहेत. मग प्रत्येक ठिकाणी सगळ्या नोंदी समोर येतात आणि भलतीच भरली जाते. अशा नोंदींत जुळणी बदलून 'होस्ट' करा.

बँकांची पानं हा वेगळाच छळ. काही साइट्स पेस्ट बंद करतात, काही आभासी कीबोर्ड लादतात, काही पासवर्ड टाइप होताहोताच कूटबद्ध करतात. शेवटच्या प्रकारात मॅनेजरने भरलेलं दिसतं, पण बटण दाबल्यावर 'पासवर्ड चुकीचा' येतं, कारण कळा दाबल्याची खबर पानाला मिळालेलीच नसते. रकान्यात टिचकी मारून शेवटी एक अक्षर टाका, ते खोडा, मग लॉगिन करा. दोनदा चुकलं तर तिसरा प्रयत्न हाताने टाइप करून करा, खातं कुलूपबंद होण्यापेक्षा ते परवडतं. नवा पासवर्ड तयार करताना साइटची कमाल लांबी आधी वाचा. काही साइट्स जास्तीची अक्षरं न सांगता कापून टाकतात आणि लॉगिनच्या वेळी पूर्ण पासवर्ड नाकारतात.

प्रत काढताना 'एन्क्रिप्टेड जेसन' निवडा, आणि त्यातही पासवर्डने संरक्षित असलेला प्रकार. दुसरा, खात्याला बांधलेला प्रकार फक्त त्याच खात्यात उघडतो. खातंच गेलं तर ती फाइल रद्दी. पेनड्राइव्हवर एक प्रत, आणि दुहेरी पडताळणीचा रिकव्हरी कोड कागदावर. हा कोड त्याच तिजोरीत ठेवणारे भेटतात. किल्ली कपाटात ठेवून कपाट ओढून घेण्याचा प्रकार.

क्लाउड नकोच असेल त्यांना कीपासएक्ससी. सगळी तिजोरी एका फाइलमध्ये, तुमच्याच डिस्कवर. ब्राउझरचं एक्स्टेन्शन फक्त निरोप्या आहे, पासवर्ड संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये असतात आणि तो उघडा असेल तरच भरले जातात. प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये 'ब्राउझर इंटिग्रेशन' चालू करून आपल्या ब्राउझरवर खूण करा, मग एक्स्टेन्शनमधून 'कनेक्ट'. लिनक्सवर स्नॅप किंवा फ्लॅटपॅक बांधणी घेतली असेल तर बहुधा इथेच अडतं, तेव्हा वितरणाचं साधं पॅकेज वापरा. फोन आणि लॅपटॉप दोन्हीकडे एकाच वेळी बदल केले तर फाइलच्या दोन प्रती होतात. त्या डेटाबेस मेनूतल्या 'मर्ज'ने एकत्र येतात, पण ते काम तुमचं.

जे आता काढून टाकावं

साइट्स सुरक्षित जोडणीवरून उघडायला लावणारं एचटीटीपीएस एव्हरीव्हेअर निवृत्त झालं आहे. फायरफॉक्समध्ये 'एचटीटीपीएस-ओन्ली' आणि क्रोममध्ये 'नेहमी सुरक्षित जोडणी' हा खटका चालू करा, झालं. अनेक साइट्सना लागणाऱ्या सामायिक फाइल्स बाहेरून न आणता आपल्याच संगणकावरून देणाऱ्या डिसेंट्रलआईज आणि लोकलसीडीएनचंही मुख्य कारण संपलं, कारण ब्राउझर आता प्रत्येक साइटची कॅश (उतरवलेल्या फाइल्सचा साठा) वेगळी ठेवतात. ट्रॅकर अडवणारं प्रायव्हसी बॅजर प्रामाणिक आहे, ईएफएफ या डिजिटल हक्कांसाठी झटणाऱ्या संस्थेचं आहे, पण यूब्लॉक ओरिजिन असताना फारसं काम उरत नाही. फायरफॉक्सला २०२२ पासून कुकीज साइटनिहाय वेगळ्या डब्यात ठेवण्याची सोय मुळातच आहे. एकाच साइटवर दोन खाती लागत असतील तरच मोझिलाचं मल्टी-अकाउंट कंटेनर्स तिसरं म्हणून घ्या.

ब्राउझरची ओळख लपवण्यासाठी यूजर-एजंट बदलणारी एक्स्टेन्शन्स उलटी पडतात. स्वतःला आयफोन म्हणवणारा पण पडदा, फॉन्ट आणि ग्राफिक्स विंडोजचे दाखवणारा ब्राउझर गर्दीत जास्तच उठून दिसतो. मोफत व्हीपीएन एक्स्टेन्शन्सना दारातही उभं करू नका. होला या व्हीपीएनच्या मोफत ग्राहकांची इंटरनेट जोडणी दुसऱ्यांना भाड्याने विकली जात होती, हे २०१५ मध्येच बाहेर आलं.

मराठी टाइप करून देणारी एक्स्टेन्शन्स कोणी या यादीत धरत नाही, पण प्रत्येक कळ त्यांच्या हातून जाते. विंडोज १० मध्ये २०१९ पासून मराठी फोनेटिक कीबोर्ड मुळातच आहे. भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडून तो घ्या आणि ते एक्स्टेन्शन काढा.

जी ठेवायचीच आहेत पण क्वचित लागतात, त्यांना क्रोममध्ये बांधून ठेवता येतं. एक्स्टेन्शन्सच्या पानावर 'डिटेल्स' उघडा आणि 'साइट ॲक्सेस' 'सर्व साइट्स'वरून 'क्लिक केल्यावर'वर आणा. मग चिन्हावर टिचकी मारेपर्यंत त्याला काही दिसत नाही. यूब्लॉक ओरिजिन लाइटला हे लावू नका, त्याचं काम अर्धवट राहील. संशयास्पद निघालेलं एक्स्टेन्शन नुसतं 'ऑफ' करून ठेवू नका, 'रिमूव्ह' करा. त्यानंतर ईमेल आणि बँकेच्या खात्यांत 'सर्व उपकरणांवरून साइन आउट' करा आणि मगच पासवर्ड बदला. चोरलेली लॉगिन कुकी पासवर्ड न विचारताच आत घेते, आणि बऱ्याच साइट्सवर पासवर्ड बदलला तरी ती जिवंत राहते.